टायमिंग गिअर घट्ट का असतो आणि तो कसा चढवावा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा मी आपल्या विद्यालयाच्या विहिरीवरील इंजिनाच्या बांधणीत गुंतलो होतो. वसतिगृहातील आठवणी लिहिणारे माझे वर्गबंधू व वर्गभगिनी पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितात. म्हणून त्या आठवड्यात हाती असलेल्या कामाविषयीच लिहावे, असे मी ठरविले.

मार्चअखेरची दुपार होती. इंजिन उघडलेले होते. लायनर, पिस्टन, रिंगा बदलून झाल्या होत्या. नवा टायमिंग गिअर क्रँकशाफ्टवर चढवायचा बाकी होता. नववीची मुले-मुली शेडच्या दाराशी उभी राहून पाहत होती. मी गिअर शाफ्टच्या तोंडाशी धरून दाखविला. तो आत गेला नाही. तेव्हा एका मुलीने विचारले, “दादा, बसत नाही तर हातोड्याने ठोकत का नाही?” मी दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ते पुरेसे नव्हते हे तिच्या चेहऱ्यावरून कळले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज गॅरेजमध्ये, साखर कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये, ट्रॅक्टर दुरुस्तीत काम करीत आहेत. त्यांनाही तो उपयोगी पडावा.

सातारा आणि सांगली हे जिल्हे इंजिनाला परके नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीतील कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आपला कारखाना आणला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. नांगराने सुरू झालेले ते काम पंपांपर्यंत पोचले. इकडे सातारा जिल्ह्यात धनजीशा कूपर यांचा कारखानाही लोखंडी नांगरांपासूनच वाढला, आणि १९३० च्या दशकात सातारा रोड येथे डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुढे कृष्णा-वारणाकाठच्या विहिरींवरील मोटा एकेक करून थांबल्या आणि त्यांच्या जागी डिझेल इंजिनांचा ठोका ऐकू येऊ लागला. आता बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आहेत हे खरे. तरीही भारनियमनाच्या रात्री, तासगावकडच्या द्राक्षबागेत फवारणीच्या ट्रॅक्टरवर, उसाच्या वाहतुकीत, आपले काम इंजिनावाचून आजही अडते.

या इंजिनांना पाण्याशी जोडणारी एक गोष्ट आपल्या समाजाने विसरू नये. १९०१ साली बालवयातील भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळली आणि गाडीवान मिळेना. कसाबसा एक मिळाला, पण त्या रात्रीच्या प्रवासात मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. त्याच मुलखात आज विहिरीवरचे इंजिन बंद पडले की रात्री दहा वाजता ज्या मेस्त्रीला फोन जातो, तो पुष्कळदा आपल्यापैकी असतो. तो विहिरीत उतरतो, फूटव्हॉल्व्ह साफ करतो, इंजिन उघडतो, आणि त्याच्या हाताने पाणी सुरू होते. म्हणून त्याचे काम बिनचूक असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता गिअरकडे वळू.

आपले इंजिन पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला १५०० फेऱ्या घेणारे आहे. म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला २५ वेळा फिरतो. चार फटक्यांच्या इंजिनात हवा घेणे, दाबणे, जळणे आणि धूर बाहेर टाकणे हे एक आवर्तन क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरे होते. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरावा लागतो, आणि हे काम टायमिंग गिअरांची जोडी करते: क्रँकवर २५ दातांचा लहान गिअर असेल तर कॅमवर ५० दातांचा मोठा. या प्रकारच्या इंजिनात डिझेल पंपाला धक्का देणारा कॅमही त्याच शाफ्टवर असतो. म्हणजे श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा आणि डिझेल केव्हा फवारायचे, हे तिन्ही निर्णय या दोन गिअरांच्या दातांवर अवलंबून आहेत.

लहान गिअरचा एक दात म्हणजे क्रँकचे १४.४ अंश. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्यापूर्वी सुमारे २४ अंशांवर डिझेल फवारले जावे, अशी अनेक लहान इंजिनांची ठेवण असते. गिअर एक दात चुकला तर ही फवारणी एकतर सुमारे ३८ अंश आधी होते किंवा जेमतेम १० अंश आधी. उशीर झाला तर काळा धूर निघतो, ताकद पडत नाही, इंजिन तापते. लवकर झाली तर इंजिन ठोकते, आणि हँडल मारताना ते उलटे फिरून मनगटावर बसते. उलट्या हँडलने हाडे मोडलेली माणसे मी पाहिली आहेत. दोन-तीन दातांचा फरक पडला तर उघडा व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळण्याची भीती असते.

हा गिअर शाफ्टवर सैल का ठेवत नाहीत, असे कोणी विचारील. शाफ्टच्या खाचेत अर्धचंद्राकार की असतेच. तीच गिअरला फिरू देणार नाही, मग घट्टपणाची गरज काय? हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कीचे मुख्य काम जागा दाखविण्याचे. दर दुसऱ्या फेरीला डिझेल पंपाचा झटका आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा उलटा रेटा गिअरवर येतो, आणि हा मागेपुढे होणारा भार पेलते ती गिअर व शाफ्ट यांच्यातील घट्ट मिठी. मिठी सैल असेल तर सगळे झटके एकट्या कीवर येतात. गिअर शाफ्टवर डोळ्याला न दिसेल इतका हलत राहतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना घासतात आणि तेथे तांबूस-लाल पूड जमते. जुना गिअर काढताना शाफ्टवर अशी पूड दिसली तर तो कित्येक दिवस हलत होता असे खुशाल समजावे. पुढे खाच रुंद होते आणि एके दिवशी की तुटते.

उलट फाजील घट्टपणाही वाईट. छिद्र फारच लहान असेल तर गिअरच्या अंगात कायमचा ताण राहतो आणि कीच्या खाचेच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. भगवान बुद्धांनी सोण कोळिविसाला वीणेच्या तारांचा दाखला दिल्याची कथा आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. पायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण करून निराश झालेल्या त्या भिक्खूला, जो पूर्वी वीणा वाजवीत असे, तथागतांनी तारा किती ताणाव्यात हे विचारले. वर्कशॉपमध्ये हा प्रश्न मायक्रोमीटरने विचारता येतो आणि त्याचे उत्तर आकड्यात मिळते, एवढाच फरक.

हातोड्याविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये उमेदवारी करीत असताना एका शेतकऱ्याचे इंजिन माझ्याकडे सोपविले गेले. गिअर बसेना म्हणून मी जाड पाइप लावून घणाने ठोकला. घाईत तो उलट्या तोंडाने चढविला होता, त्यामुळे खुणा आतल्या बाजूला गेल्या. मग टायमिंग अंदाजाने लावले. ते एक दात चुकले. इंजिन धूर ओकू लागले तेव्हा गिअर पुन्हा ओढून काढावा लागला आणि त्याबरोबर शाफ्टची कातडी सोलून निघाली. चेंबर उघडला तर तेलात दाताची एक कपची सापडली. क्रँकशाफ्ट बदलावा लागला. त्या आठ दिवसांत त्या शेतकऱ्याच्या द्राक्षबागेला पाणी मिळाले नाही. तो मला एक शब्दही बोलला नाही, हे मला अधिक लागले.

हातोड्याने नेमके काय बिघडते? प्रत्येक घाव शाफ्टमधून आत जातो आणि शाफ्टला आडवे सरकू न देणाऱ्या वॉशरवर किंवा बेअरिंगवर बसतो. बॉल बेअरिंग असेल तर गोळ्यांचे ठसे त्याच्या वाटेवर उमटतात. नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरते. घाव एका बाजूला पडला की गिअर तिरका होतो आणि शाफ्टवर ओरखडे काढत जातो. शिवाय गिअर कडक पोलादाचा, हातोडाही कडक पोलादाचा; अशा दोघांची टक्कर झाली की बारीक कपची गोळीसारखी उडते. डोळा गमावण्यासाठी तेवढी पुरेशी असते.

त्या गॅरेजमध्ये गिअर तापवून चढवितात हे मला कोणी सांगितले नव्हते. मोठे मेस्त्री हे काम दुपारी, मुले जेवायला गेली की उरकीत. आपल्याकडे विद्या लपविण्याची खोड जुनी आहे आणि ती वर्कशॉपच्या दाराबाहेर थांबत नाही. बाबासाहेबांना ही अडचण ठाऊक होती. १९४२ साली व्हाइसरॉयांना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच अनुसूचित जातींच्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी, अशी मागणी केली होती. ते व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना तांत्रिक प्रशिक्षणाची युद्धकालीन योजना त्याच खात्याकडे होती. आज सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम तेथे मन लावून केलेल्या मुलाला मी वर्णन केलेली फजिती सोसावी लागणार नाही.

गंमत अशी की तापवून चढविण्याची ही युक्ती आपल्या गावांना मुळीच नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवीत, ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवीत. गोवऱ्यांच्या जाळात ती तापली की फुगे. सुतार-लोहार सांडशांनी उचलून ती चाकावर टाकीत आणि लगेच पाणी ओतीत. चार फूट व्यासाची धाव ४०० अंशांनी तापली तर तिचा व्यास सुमारे सहा मिलिमीटर वाढतो. निवताना ती आवळली जाई आणि आरे, पाटे, तुंबा यांना एकजीव करून टाकी. गिअरचे तत्त्व तेच, मात्र मोजमाप कितीतरी पट नाजूक, आणि पाणी वर्ज्य. धावेवर पाणी ओततात ते लाकूड जळू नये म्हणून. कडक केलेल्या गिअरवर पाणी ओतले तर तो वाकडा होण्याची किंवा तडकण्याची भीती.

पहिले काम मोजण्याचे. जुना गिअर पुलरने काढावा. दोन पहारी घालून उचकटू नये. शाफ्ट डिझेलने धुऊन पुसावा. कीच्या खाचेच्या कडा उभ्या राहिलेल्या असतात. त्या ऑइलस्टोनने हलक्या हाताने बसवाव्यात. नंतर मायक्रोमीटरने शाफ्टची जाडी किमान दोन दिशांनी आणि दोन ठिकाणी घ्यावी, आणि गिअरच्या छिद्राचे मापही तसेच घ्यावे. छिद्र मोजण्याचे साधन नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे जावे. तो चहाच्या मोबदल्यात मोजून देतो. निदान आमच्याकडे तरी देतो.

आपल्या इंजिनाचा शाफ्ट गिअरच्या जागी ४० मिलिमीटरचा आहे, आणि नव्या गिअरचे छिद्र त्याहून २५ मायक्रॉनने लहान निघाले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुने मेस्त्री अजून इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे थाऊत बोलतात. २५ मायक्रॉन म्हणजे जवळजवळ एक थाऊ. माणसाचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. पण एवढ्या फरकाने गिअर हाताने बसत नाही.

पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाने तापली की सुमारे ११.५ मायक्रॉनने वाढते. ४० मिलिमीटरच्या छिद्राला हाच हिशेब लावला तर एका अंशाला ०.४६ मायक्रॉन, आणि १०० अंशांना ४६ मायक्रॉन. येथे मुलांनी हमखास एक शंका काढली, आणि ती रास्त होती: धातू फुगला तर छिद्र लहान नाही का होणार? नाही. तापल्यावर संपूर्ण वस्तू सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात मोठी होते. छायाचित्र मोठे करावे तसे. छायाचित्रातील कड्याचे भोकही मोठेच होते.

शेडमध्ये त्या दिवशी ३५ अंश होते. गिअर १३५ अंशांपर्यंत तापविला तर त्याचे छिद्र ४६ मायक्रॉनने वाढेल. त्यातून मूळचे २५ वजा केले की २१ मायक्रॉनची मोकळीक उरते. तेवढी पुरते, पण ती टिकत नाही. गिअर ४६ अंशांनी निवला, म्हणजे सुमारे ८९ अंशांवर आला, की मोकळीक शून्य होते. थंड शाफ्टला टेकल्यावर लहान गिअरला तेथवर उतरायला काही सेकंदच लागतात. या कामात घाई दिसते ती त्यामुळे. खरे तर सगळी तयारी आधी संथपणे झालेली असते.

१३५ च का, २५० का नाही? कडक केलेल्या गिअरांना शेवटी साधारण १५० ते २०० अंशांवर तापवून त्यांचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. त्यापुढे तापविले तर दातांची कठीणता उतरू लागते. गॅसकटरची ज्योत लावणाऱ्यांनी दातांवर चढलेला निळा रंग पाहिला असेल. पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेल्याची ती खूण. असा गिअर दिसायला नवा असतो, पण दात लवकर झिजतात. शिवाय ज्योतीने एक बाजू आधी तापते आणि छिद्र गोल राहत नाही. आमच्या भागात ज्योतीचाच प्रघात आहे. तो मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत चांगले साधन बेअरिंग तापविण्याचा विजेचा हीटर. तो नसेल तर तेलाचे पातेले.

तेलाच्या पातेल्याची रीत अशी. उंच काठांचे कोरडे पातेले अर्धेच भरावे, स्वच्छ इंजिन ऑइलने. त्यात पाण्याचा थेंबही नसावा. १०० अंशांवर त्या पाण्याची वाफ होऊन तेल उसळते. गिअर तारेने असा टांगावा की तो बुडाला टेकणार नाही, कारण बूड तेलापेक्षा फार जास्त तापलेले असते. तार कीच्या खाचेच्या बरोबर समोरच्या दातांतून घ्यावी. म्हणजे गिअर उचलल्यावर खाच कोठे आहे हे शोधावे लागत नाही. तेलात थर्मामीटर असलाच पाहिजे. “धूर आला की झाले” हा अंदाज धोक्याचा आहे: धूर येऊ लागला म्हणजे तेल आपल्याला हवे त्यापलीकडे गेले, आणि २०० अंशांपुढे ते पेट घेण्याच्या वाटेला लागते. हे काम उघड्यावर करावे, शेजारी पातेल्यावर बसणारे झाकण आणि कोरड्या वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नये. तापमान आल्यावर गिअर आणखी पंधरा-वीस मिनिटे तेलात राहू द्यावा, म्हणजे तो आतपर्यंत सारखा तापतो. मुलांना आम्ही दोरी बांधून दहा फूट मागे उभे केले होते आणि सर्वांच्या डोळ्यांवर चष्मे होते. एक इशारा: काही इंजिनांत कॅमचा गिअर फायबरचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. तो तापवायचा नसतो.

शाफ्टला बर्फ लावावा का, असेही विचारतात. बर्फाने शाफ्ट २५ अंशांनी निवला तर आणखी ११-१२ मायक्रॉन मिळतात. उपयोग होतो, पण ओल राहते आणि गंज धरतो. हिशेबात मोकळीक पुरेशी असेल तर ती दगदग करू नये.

गिअर तेलात असतानाच रंगीत तालीम करावी. जुना, सैल झालेला गिअर हातात घेऊन तीच हालचाल दोनदा करून पाहावी. क्रँक असा फिरवून ठेवावा की की बरोबर वर येईल. ती खाचेत सपाट बसली आहे हे पाहावे. शाफ्टवर तेलाचा पातळ हात फिरवावा. गिअरची कोणती बाजू बाहेर राहणार, हे खुणा पाहून निश्चित करावे आणि बरोबरच्या माणसाला मोठ्याने सांगावे. मी तर आता ते दोनदा सांगतो. शाफ्टच्या टोकाला आटे असतील तर गिअरवर बसेल असा पाइपचा तुकडा, जाड वॉशर आणि नट हाताशी ठेवावेत.

मग कातडी हातमोजे घालून गिअर उचलावा, छिद्र स्वच्छ फडक्याने एकदा पुसावे, खाच कीसमोर आणावी आणि एकाच सरळ ढकलीत तो शाफ्टच्या पायरीला टेकेपर्यंत न्यावा. मध्ये थांबून पाहू नये. नीट मोजमाप घेतलेला गिअर अशा वेळी लोण्यात सुरी जावी तसा जातो. आवाजही येत नाही. आपल्या इंजिनावर तो बसला तेव्हा मुलांना वाटले, अजून काहीतरी व्हायचे आहे. बसल्यावर हात लगेच काढू नये. गिअर निवताना पायरीपासून किंचित मागे सरकू पाहतो. म्हणून पाइप व नट लावून तो पायरीशी दाबून धरावा आणि आपोआप निवू द्यावा. निवल्यावर पायरी आणि गिअर यांच्या फटीत फीलर गेजची सर्वांत पातळ पट्टी घालून पाहावी. ती कोठेही आत जाता कामा नये.

अर्ध्यात अडकला तर काय? ठोकण्याचा मोह याच क्षणी होतो. पुलर आधीच जुळवून ठेवलेला असावा. गिअर ताबडतोब ओढून काढावा, शाफ्ट व छिद्र पुन्हा पाहावे, उभी राहिलेली कड शोधावी आणि पुन्हा तापवावा. यात अर्धा तास जातो. क्रँकशाफ्ट मिळविण्यात आठवडा जातो.

माप घेतल्यावर गिअर सैल निघाला, तर त्याचे उपाय म्हणून जे दोन प्रकार चालतात त्यांविषयीही लिहिले पाहिजे. एक, शाफ्टवर सेंटर पंचाने टोचे मारून तो फुगविणे. दुसरा, डब्याचा पत्रा कापून मध्ये घालणे. टोच्यांची टोके काही तासांत दबतात आणि पत्रा गिअरला एका बाजूला ढकलतो, मग दात एका ठिकाणी घट्ट व दुसरीकडे सैल लागतात. शाफ्ट झिजला असेल तर तो भरून, घासून मापावर आणणारे कारागीर सांगली-मिरजेकडे आणि साताऱ्यातही आहेत. त्यांच्याकडे जावे. गिऱ्हाईक गरीब आहे म्हणून त्याला स्वस्तातला पत्रा लावून देणे, ही त्याच्यावर दया नव्हे.

यानंतर कॅमचा गिअर. बहुतेक इंजिनांत क्रँकच्या गिअरच्या एका दातावर ठिपका असतो आणि कॅमच्या गिअरवर दोन दातांना. एक दात त्या दोघांच्या मध्ये बसवायचा. खुणांवर पांढरा रंग लावला की चूक होत नाही. मग क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवावा. दातांचे प्रमाण एकास दोन असल्याने खुणा पुन्हा तेथेच भेटल्या पाहिजेत. फिरविताना कोठे जड लागते काय, हे बोटांना कळते. दातांमधील फट कंपनीच्या पुस्तकात दिली असेल तितकीच असावी आणि ती चार ठिकाणी पाहावी: एका ठिकाणी बरोबर आणि समोरच्या बाजूला नाहीशी झाली, तर गिअर तिरका बसला आहे. शेवटी डिझेल पंपाची फवारणी फ्लायव्हीलवरील खुणेशी जुळते का ते पाहावे. व्हॉल्व्हची फट लावावी, आणि मगच झाकण बंद करावे.

आपले इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळी, बुद्धवंदनेनंतर सुरू केले. पहिल्या हँडलला ते लागले नाही, कारण नळीत हवा होती; ती काढल्यावर दुसऱ्याला लागले. अर्ध्या तासाने बंद करून आम्ही तेल पाहिले, गिअरच्या बाजूला हात लावून पाहिला. पन्नास तास चालल्यानंतर तेल बदलायचे आहे आणि व्हॉल्व्हची फट पुन्हा पाहायची आहे. त्याची तारीख शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे. मायक्रोमीटर, थर्मामीटर आणि पुलर आम्ही तेथील कपाटात ठेवून आलो. किल्ली नववीच्या वर्गप्रमुखाकडे आहे.